आमच्याकडचा बिनदुधाचा, बिनकाजूचा दिवाळी फराळ

लेकीला दूध चालत नाही आणि काजू-पिस्ता तर अजिबात नाही, ही दोन वाक्यं मी गेल्या सहा-सात वर्षांत किती जणांना सांगितली असतील देव जाणे, सोसायटीतल्या काकूंना, शाळेतल्या ताईंना, वाढदिवसाला बोलावणाऱ्या प्रत्येक आईला, आणि दिवाळी आली की परत पहिल्यापासून सगळ्यांना. यंदा तीन-चार जणींनी मेसेज करून विचारलं की तुम्ही फराळाचं नेमकं काय करता, एकीच्या मुलाचं तर याच महिन्यात निदान झालंय आणि ती पार घाबरून गेलीये, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

दुधाचं आम्हाला ती सात-आठ महिन्यांची असतानाच कळलं, वरचं दूध सुरू केलं आणि तोंडाभोवती, गळ्यावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या. काजूचं कळलं ते मात्र दिवाळीतच. ती तीन वर्षांची होती, शेजारून फराळाचं ताट आलं, त्यात काजूकतली होती, आणि आम्ही बोलत बसलो तेवढ्यात तिने एक अर्धा तुकडा उचलून तोंडात टाकला. दहा मिनिटंही झाली नसतील, ओठ सुजले, अंगभर लाल चकंदळं, खोकला थांबेना, आवाज बसला. हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन दिलं, ॲड्रेनॅलिनचं, आणि रात्रभर तिथेच ठेवून घेतलं. बाहेर फटाके वाजत होते आणि मी तिच्या पलंगाशेजारी बसून एकच विचार करत होते की ती बशी मी टेबलाच्या कडेला का ठेवली.

नंतर टेस्ट झाल्या, डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. काजू आणि पिस्ता हे एकाच कुळातले, त्यामुळे एकाची ॲलर्जी असली की बहुतेक वेळा दुसऱ्याचीही असते. आंबासुद्धा त्याच कुळातला पण आंबा तिला चालतो. शेंगदाणा नावाला सुक्यामेव्यात बसतो पण तो खरा कडधान्यांच्या कुळातला, त्याची टेस्ट वेगळी केली, तो चालतो. आणि एक गोष्ट त्यांनी दोन-तीनदा सांगितली ती मीही इथे सांगते, अंगावर नुसत्या गांधी असतील तर ॲलर्जीची गोळी ठीक आहे, पण श्वास, आवाज, उलट्या असं काही सुरू झालं तर त्या गोळीवर विसंबून थांबायचं नाही, तिथे ॲड्रेनॅलिनच लागतं. परदेशात पेनसारखं इंजेक्शन मिळतं ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी काय, किती, कसं द्यायचं ते कागदावर लिहून दिलंय आणि आम्हा दोघांना शिकवलंय, तो कागद आणि ती छोटी पिशवी दिवाळीत मी ज्या घरी जाईन तिथे माझ्यासोबत असते. ज्यांच्या मुलांना अशी ॲलर्जी आहे त्यांनी फराळाच्या आधी हे डॉक्टरांशी बोलून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

आता तुपाचं. यावरून घरात जेवढं झालं तेवढं कशावरूनच नाही झालं. माझं सासर सातारकडचं, तिथे तुपाशिवाय पान हलत नाही, आणि सासूबाईंचं म्हणणं असं की अगं तुपात दूध कुठे राहतंय, ते तर कढवताना जळून जातं. त्यांचं पूर्ण चुकीचं नव्हतं म्हणूनच पटवायला जड गेलं. लोणी कढवलं की खाली बेरी राहते ना, ती बेरी म्हणजे दुधातला प्रथिनांचा भाग, आणि माझ्या लेकीला त्रास होतो तो त्या प्रथिनांचाच. तूप गाळलं तरी त्यात थोडा अंश राहतोच. किती राहील ते दर वेळी वेगळं, आणि कुणाला किती अंशाने त्रास होईल तेही वेगळं. काही मुलांना तूप चालतं, आमच्या लेकीला नाही चालत. दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणं ही वेगळी गोष्ट, ते लॅक्टोज नावाच्या साखरेमुळे होतं आणि अशा माणसांना तूप सहसा काही करत नाही, लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात आणि मग सांगतात की माझ्या भाच्यालाही दूध चालायचं नाही, तुपातला शिरा खातो की आता. म्हशीचं देऊन बघ, शेळीचं देऊन बघ, देशी गायीचं देऊन बघ, हेही ऐकून झालंय. या सगळ्या दुधांतली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात, त्यामुळे गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना म्हशीचं-शेळीचंही चालत नाही. कृपा करून कुणाच्या लेकरावर असं देऊन बघू नका.

शेवटी सासूबाईंना मी बेरीच दाखवली. एका रविवारी त्यांनी लोणी कढवलं, मी बेरी वाटीत काढली आणि म्हटलं हे बघा, हे तिला सोसत नाही, आणि याचाच थोडा भाग त्या तुपात आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या वरणभातासाठी त्यांनी वेगळा चमचा काढून ठेवलेला मी बघितला.

पहिल्या दोन वर्षी आम्ही सगळ्यांसारखंच केलं, तिच्यासाठी बाजारातून काहीतरी विकतचं शोधायचं. खूप फिरले मी. मिठाईच्या दुकानात विचारलं की यात दूध किंवा काजू नाही असं काय आहे, तर एका ठिकाणी काउंटरवरच्या दादांनी अगदी प्रेमाने बुंदीचा लाडू पुढे केला, म्हणाले यात काय नाय ताई, फक्त शेवटी थोडं तूप आणि वरून मगज. आणि त्याच चिमट्याने ते आधी काजूरोल उचलत होते. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल. पण एकच चिमटा, एकच सुरी, एकच परात, आणि सगळ्या बर्फ्यांवर पिस्त्याचे काप, हे बघितल्यावर सुट्या मिठाईचा नाद मी कायमचा सोडला. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे कुठवर खायची त्याची तारीख लावायची हे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, पण त्या पाटीवर तारीख असते, आत काय काय घातलंय ते नसतं.

पाकीटबंद वस्तूचं बरं असतं. आपल्याकडच्या लेबलच्या नियमांप्रमाणे गव्हासारखी ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणा आणि झाडावरचा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते), हे असेल तर वेगळं सांगावं लागतं. म्हणून मी घटकांच्या यादीखालची ती बारीक अक्षरातली ओळ आधी वाचते. तीळ त्या यादीत नाही, त्यामुळे तिळाची ॲलर्जी असेल तर सगळी यादी शब्द न् शब्द वाचायची. दूध नेहमी दूध या नावाने येत नाही, मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीनेट अशी नावं असतात. हिरवा ठिपका बघून काही कळत नाही, तो फक्त शाकाहारी असल्याचा, दूध त्यात धरलेलंच असतं. आणि व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं, असं लिहिलेलं बघून मी पहिल्यांदा इतकी खूश झाले होते की दुकानातून आईला फोन केला, घरी येऊन पाकीट उलटं केलं तर दुधाऐवजी काजूची पेस्ट. व्हीगन मिठाईत काजू-बदाम जवळजवळ ठरलेलाच असतो. शुगर फ्री म्हणून मिळतात ते खजुराचे लाडू-रोल, ते तर सुक्यामेव्यानेच भरलेले.

बहीण न्यू जर्सीत असते, ती तिकडून सांगायची की इथे बघ कसं छान लिहिलेलं असतं. तिथे लेबलवर नऊ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारे पदार्थ, सांगावे लागतात, त्यात १ जानेवारी २०२३ पासून तीळही आला. पण तिथे बरीच वर्षं नारळाला सुक्यामेव्यात धरत होते, त्यामुळे तिच्या मुलाच्या शाळेत तिने डब्यात खोबऱ्याची वडी दिली तर ती परत आली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध खात्याने, नारळ त्या यादीतून काढला. नारळाची वेगळी ॲलर्जी असू शकते, पण काजू चालत नाही म्हणून नारळ बंद असं आपोआप होत नाही, आणि नशीब म्हणायचं ते, कारण आमची दिवाळी सगळी नारळावर उभी आहे.

तर विकतचं शोधून शोधून जे मिळालं ते एका डब्यात भरायचे, लेकीचा वेगळा डबा. त्यात साधा पेठा, राजगिऱ्याचे लाडू, साखरेची चित्रं, अशा चार गोष्टी. राजगिऱ्याचा लाडू मुळात किती चांगला, नुसत्या लाह्या आणि गूळ, पण जिथे बनतो तिथेच बहुतेक वेळा चिक्कीही बनते, त्यामुळे तो पाकिटातला घ्यावा आणि लेबल बघूनच घ्यावा. ती पाच वर्षांची होती तेव्हा भाऊबीजेला सगळी पोरं गोल करून बसली, मध्ये मोठं ताट, आणि ही डबा घेऊन भिंतीला टेकून बसली. काही रडली वगैरे नाही. डब्याचं झाकण नीट लावून ठेवलं आणि म्हणाली, मला भूक नाहीये. तेवढ्यात तिच्या आतेभावाने, सहा वर्षांचा तो, स्वतःच्या ताटातली करंजी मोडून तिच्या तोंडाजवळ नेली, बिचाऱ्याला वाटलं हिला कुणी दिलंच नाही. मी झडप घालून ती करंजी काढून घेतली आणि दोघंही रडायला लागली.

त्या रात्री नवऱ्याशी बोलले. वेगळ्या डब्याने ती सुरक्षित पण राहत नाही आणि आनंदी पण राहत नाही, मग तो कशाला. पोरं एकमेकांना भरवणारच, सणाला भरवायचंच असतं. मग ताटच असं करू की त्यातलं काहीही कुणीही कुणाला भरवलं तरी चालेल. सगळ्या घराचाच फराळ बिनदुधाचा, बिनकाजूचा.

आणि मग मला आईची आठवण झाली. माझं माहेर मालवणकडचं. मी इतकी दुकानं पालथी घातली, आणि लहानपणी आमच्या घरात गोडाला दूध लागायचं तरी किती, सगळा नारळाचा रस! नरक चतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडायचं आणि मग पोहे, त्यात गूळ घातलेले नारळाच्या रसातले पोहे असायचेच. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीचे गोळे लाकडी साच्यातून काढलेले, ते गूळ-वेलची घातलेल्या रसात बुडवून खायचे. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, तांदूळ-खोबरं-गूळ एवढंच. जत्रेतलं खाजं, बेसनाची जाड शेव आणि त्याला आल्याचा वास असलेला गुळाचा पाक, ना दूध ना काजू. गोव्यात मावशीकडे मणगणं व्हायचं, चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस, वरून काजू घालतात ते नाही घातले तरी काही बिघडत नाही. हे कुणी ॲलर्जीसाठी शोधलेलं नव्हतं, कोकणात नारळ दारात होता म्हणून झालेलं होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मग एवढे दिवस काय विचारत व्हतंस दुकानात?" आणि दुसऱ्याच आठवड्यात एसटीने पुण्यात हजर, सोबत बारा नारळ आणि तो लाकडी साचा.

सासूबाई आणि आई दोघी माझ्या स्वयंपाकघरात चार दिवस एकत्र होत्या. मला जरा धाकधूक होती. पण सासूबाईंनीच सांगितलं की अनारशात दूध लागतच नाही, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सुती कापडावर सुकवून कुटायचे, बरोबरीने गूळ, खाली खसखस, आणि तुपात तळतो ते तेलात तळले तर काय झालं. तळले तेलात. जाळी मस्त पडली, त्या स्वतः प्रत्येक अनारसा उजेडाकडे धरून बघत होत्या.

आता नेमकं काय काय करतो ते सांगते. नारळाच्या वडीत दुधाऐवजी नारळाचंच घट्ट दूध, दोन वाट्या ओलं खोबरं, सव्वा वाटी साखर, अर्धी वाटी नारळाचं दूध, मिश्रण कडेने सुटून गोळा व्हायला लागलं की ताटाला खोबरेल लावून थापायचं. खोबरं खवताना करवंटीजवळचं तपकिरी येऊ द्यायचं नाही, नाहीतर रंग काळपट होतो. लेकीला गुलाबी आवडते म्हणून एक चमचा बीटाचा रस. करंजीत मोहन गरम तेलाचं, सारणात सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस, पिठीसाखर, आणि काजू-बदामाच्या जागी पंढरपुरी डाळ्याची भरड, त्याने सारणाला जो खमंगपणा येतो तो मला आता सुक्यामेव्यापेक्षा जास्त आवडतो. शंकरपाळ्यांत दुधाच्या जागी पाणी आणि तुपाच्या जागी तेल, एक वाटी साखर, पाऊण वाटी पाणी, पाऊण वाटी तेल, चिमूटभर मीठ, आणि मावेल तेवढा मैदा, तेल जास्त झालं तर कढईत विरघळतात म्हणून एक तुकडा आधी तळून बघायचा. चकलीत लोणी नाही, तेलाचंच मोहन. चिवड्यात काजू नाही, डाळं आणि खोबऱ्याचे काप भरपूर. ज्यांना गहू किंवा ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी यातली करंजी-शंकरपाळी गेली, पण पातोळ्या, शिरवाळे, अनारसे, नारळाची वडी, हे सगळं तांदूळ-नारळाचंच आहे.

भांड्यांचं पण सांगते कारण लोक हे विसरतात. जुनी किसणी, ज्यावर वर्षानुवर्षं पिस्ते-बदाम किसले गेले, ती आम्ही काढून टाकली. मिक्सरचं छोटं भांडं नवीन घेतलं, त्याच्या पात्याखाली काय अडकलेलं असतं ते धुऊन कळत नाही. तळायला ताजं तेल. डाळं, खसखस, खोबरं शक्यतो पाकिटातलं आणि लेबल वाचून, कारण सुटं देताना दुकानात काजूच्या गोणीतलाच स्कूप दाण्यांत फिरतो. आणि दिवाळीचे चार दिवस बाहेरून आलेलं ताट आम्ही हसतमुखाने घेतो, आभार मानतो, आणि ते थेट वरच्या कपाटात, पोरांसमोर उघडायचंच नाही.

सगळ्यात अवघड जातो तो प्रसाद. फराळाला नको म्हणता येतं, पण आरतीनंतर कुणी तिच्या हातावर पेढा ठेवला तर सात वर्षांच्या मुलीने काय करायचं, आपण तिला तर शिकवलेलं असतं की प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मी तिला सांगितलंय की हात जोडायचे, डोळ्याला लावायचा आणि आईकडे आणून द्यायचा. यंदा गणपतीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये धीर करून उठले आणि विचारलं की एक दिवस तरी आपली जुनी खिरापत ठेवूया का, सुकं खोबरं आणि खडीसाखर. वाटलं होतं कुणीतरी काहीतरी बोलेल. तर ज्येष्ठ मंडळींनाच इतकं आवडलं की एकाऐवजी पाच दिवस खिरापत झाली, आणि वाटायचं काम लेकीकडे आलं, ती परात घेऊन प्रत्येकाच्या हातावर देत होती आणि शेवटी उरलेली स्वतः खात होती. कोजागिरीला मसाला दूध आम्ही घरीच नारळाच्या दुधाचं करतो, केशर, वेलची, जायफळ, बाकी काही नाही, फक्त ते उकळू द्यायचं नाही, फाटतं.

बेसनाचा लाडू मात्र अजून जमलेला नाही. खोबरेलात बेसन भाजलं, खमंग झालं, लाडू वळले, रात्री अगदी छान घट्ट बसले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात सगळे चपटे. खोबरेल साधारण २४ अंशाला वितळतं, पुण्यात दिवाळीत दुपारी त्याहून जास्तच असतं. फ्रिजमध्ये ठेवले तर दगड. वनस्पती तुपात आकार छान राहतो पण चव तोंडात चिकटून राहते, सासूबाईंनी एक खाऊन दुसरा घेतला नाही. यंदा त्या अर्धं बेसन आणि अर्धी डाळ्याची पिठी घेऊन, खोबरेल कमी करून बघणार आहेत, प्रमाण त्यांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलंय आणि तीनदा खोडलंय. लेकीने आजवर बेसनाचा लाडू एकदाही खाल्लेला नाही, आणि तो सासूबाईंच्या हातचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ, म्हणून त्यांचं मन त्यातच अडकलंय. कुणाचा तुपाशिवायचा बेसनाचा लाडू दुपारच्या उन्हातही गोल राहिला असेल तर प्रमाण नक्की लिहा, धनत्रयोदशीच्या आधी कळलं तर फार बरं होईल.